तिसरा फलक

चिखलीच्या एका महाविद्यालयात समता सरकटे अकरा वर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होती. जेवढे तास घेतले तेवढ्याचं मानधन, उन्हाळ्यात काही नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. अमरावती विद्यापीठाची पीएच.डी. होती, सेट होती, वय एकेचाळीस होतं. कायम झाल्यावर लग्नाचं बघू, असं ती तिशीत म्हणायची. पस्तिशीनंतर लोकांनीही तो विषय काढणं सोडलं. आई, जनकाबाई, बारा किलोमीटरवरच्या गावात एकटी राहायची. समता बसस्टँडच्या मागे दोन खोल्या घेऊन राहत होती आणि दर रविवारी गावी जायची.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाविद्यालयाच्या संस्थेनं भौतिकशास्त्राच्या एका कायम जागेची जाहिरात काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच महिन्यात मुंबईच्या एका विज्ञान संस्थेचं पत्र आलं. ताऱ्यांवर संशोधन केलेल्या मेघनाद साहांवरचं फिरतं प्रदर्शन त्यांना जिल्ह्यात आणायचं होतं. सोबत तीन दिवसांची जाहीर व्याख्यानं. चिखली आणि नंतर जळगाव जामोद. चिखलीत जागा म्हणून महाविद्यालयाच्या संस्थेचं वस्तुसंग्रहालय ठरलं.

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारातला एक लांबलचक दगडी हॉल. अध्यक्ष उकंडरावांना जुन्या वस्तूंचा नाद. पायल्या, अडकित्ते, तोफेचा गोळा, कुणाकुणाच्या तलवारी, सातपुड्यातनं आणलेले दगड, सगळं काचेच्या कपाटांत मांडलेलं. माणसं फारशी यायची नाहीत. वर्षातून दोनदा शाळांच्या सहली यायच्या.

प्रदर्शनाचे फलक इंग्रजीत होते. ते मराठीत करायचं काम प्राचार्य शेखर सरांनी समताला दिलं. "तुमच्याशिवाय कोण करणार मॅडम? आणि तिसऱ्या दिवशीचं व्याख्यान पण तुमचंच. अध्यक्षसाहेबांसमोर एकदा तुमचं काम दिसू द्या."

हे शेवटचं वाक्य समताला कळलं. तिला आनंद झाला. अकरा वर्षांत कुणी तिला व्याख्यान द्यायला सांगितलं नव्हतं. फॅन बंद पडला की इलेक्ट्रिशियनला फोन करायला मात्र सांगायचे, कारण भौतिकशास्त्र.

चौदा फलक होते. तिनं नुसतं भाषांतर केलं नाही. साहांची चरित्रं मागवली, रात्रीचं जेवण उरकलं की वाचत बसायची आणि जे इंग्रजी फलकात एका ओळीत उरकलं होतं ते चारचौघांना कळेल असं लिहायची. तिसरा फलक लहानपणाचा होता. ढाक्याजवळच्या खेड्यात छोट्या दुकानदाराच्या घरी जन्मलेला मुलगा. गावात पुढची शाळा नाही. दूरच्या गावात एका डॉक्टरांनी त्याला घरी ठेवून घेतलं. अट अशी, की त्यानं गायीचं बघायचं आणि स्वतःचं ताट स्वतः धुवायचं, कारण त्याची जात खालची. पुढं कलकत्त्याच्या वसतिगृहातही काही मुलांनी त्याच्याबरोबर जेवायला नकार दिला. इंग्रजी फलकात हे दीड ओळीचं होतं. समतानं त्याचे दोन परिच्छेद केले आणि वर मथळा दिला, 'वेगळं ताट'.

सोपं झालंय का बघायला तिनं ते सगळे कागद रविवारी आईला वाचून दाखवले. जनकाबाई चौथी शिकलेल्या. ओट्यावर बसून मुगाच्या शेंगा सोलत ऐकत होत्या. ताऱ्यांच्या भागात त्या दोनदा पेंगल्या. पण तिसरा फलक समतानं अगोदर वाचला होता तेव्हा त्यांचे हात थांबले होते. सगळं वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ते ताटाचं पुन्हा वाच बरं."

समतानं पुन्हा वाचलं.

"एवढा मोठा मानूस झाला ना तो?"

"हाव. जगात नाव झालं त्याचं."

"अन् ताट धुवे सोताचं."

"हाव माय."

जनकाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मी खिचडी शिजवे ना शाळेत, आठवते का तुले?"

समताला आठवत होतं. ती तेव्हा अमरावतीला एम.एस्सी. करत होती. बचत गटाला शाळेतल्या पोषण आहाराचं काम मिळालं होतं आणि गटातर्फे आई शिजवायला जायची. तीनेक महिन्यांनी सोडलं. समतानं विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, गुडघे दुखतात.

"गुडघे नोयते दुखत," जनकाबाई म्हणाल्या. "पयल्या दिवशी सगळे पोट्टे जेवले. दुसऱ्या दिवशी अर्धे. मंग डबे घेऊन याले लागले. मंग बाया आल्या शाळेत, गुरुजीले बोलल्या. गुरुजी भला मानूस. मले म्हने, काकू, तुमी भांडे घासा, शिजवाचं आपन दुसऱ्या बाईले देऊ. म्हनजे तुमचं काम बी ऱ्हाते अन् लेकरं बी जेवतेत." त्या जराशा हसल्या. "मी म्हनलं, गुरुजी, मी शिजवलेलं चालत नाही तं मी घासलेल्या भांड्यातलं कसं चालन?  मी घरी आली."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुही परीक्षा व्हती." त्यांनी सूप परत ओढलं. "अन् सांगून काय व्हते? पन हे तू लिवलं ते बरं केलं. मोठ्या मानसाचं लिवलं म्हनजे लोक वाचतेत. मी येतो पाहाले. तुह्या भाषनाले बी येतो."

जनकाबाई कधी महाविद्यालयात आल्या नव्हत्या. बोलावलं तरी म्हणायच्या, तिथं मी काय करू.

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून प्रदर्शनाची गाडी आली. बरोबर अर्पिता नावाची मुलगी होती, तिशीच्या आतली, मूळची खामगावची. जळगाव जामोदलाही तुम्हीच बोलायचं, असं तिनं आल्या आल्या समताला सांगितलं. तिनं मराठी फलक छापून आणले होते. पुरुषभर उंचीचे, निळ्या रंगाचे, देखणे. आपली वाक्यं एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून समताला काही सुचेना. दोघींनी मिळून ते हॉलमध्ये लावले. तलवारींच्या कपाटापासून सुरुवात केली आणि दगडांच्या कपाटापाशी संपवलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी शेखर सर बघायला आले. पहिल्या फलकापासून हळूहळू वाचत गेले. तिसऱ्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग बाकीचे न वाचताच समताजवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर या."

बाहेर लिंबाखाली उभं राहून ते म्हणाले, "लिहिलंय छान. त्यात वाद नाही."

"पण?"

"तो तिसरा फलक. उद्या अध्यक्षसाहेब येणार, तालुक्यातली सगळी मंडळी येणार. शाळेची मुलं येणार. विज्ञानाचं प्रदर्शन आहे, त्यात जातीचं कशाला?"

"सर, ते खरं आहे. चरित्रात आहे. मी संदर्भ दिलेत."

"खरं नाही असं मी कुठं म्हणतो? पण वर 'वेगळं ताट' असा मथळा, तोही तुम्ही लिहिलेला. लोक फलक वाचणार नाहीत मॅडम, कोणी लिहिला ते वाचतील." त्यांचा आवाज दुखवणारा नव्हता. ते खरोखर काळजीत दिसत होते. "मी तुम्हाला काढा म्हणत नाही. अध्यक्षसाहेबांनी सकाळी फोनवर विचारलं, वादाचं काही नाही ना? मी म्हटलं, नाही. आता तुम्ही ठरवा. पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत. समितीवर तेच आहेत. अकरा वर्षं झाली तुम्हाला. मला वाटतं तुमचं व्हावं."

ते गेल्यावर समता आत आली. अर्पिता शिडीवर उभी राहून दिव्याची दिशा ठीक करत होती. समतानं तिला सांगितलं.

अर्पिता खाली उतरली. "मॅडम, फलक तुमचा आहे. तुम्ही नको म्हणत असाल तर काढू. पण तुम्ही ठेवायचा म्हणालात तर मी आत्ता मुंबईला फोन करते. आमच्या प्रदर्शनातला मजकूर यजमानांना बदलता येत नाही, तसं करारात आहे. नाव आमचं येईल, तुमचं नाही. तुमच्यावर काही येणार नाही."

  करार असला तरी फोन कोणाच्या सांगण्यावरून झाला हे सगळ्यांना कळेल, हे तिला माहीत होतं. पण न कळण्याचीही थोडी शक्यता होती. नंतर ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची की माझ्यापुढं रस्ताच नव्हता, आणि पुन्हा पुन्हा तिला आठवायचं की होता. अर्पिता हातात फोन घेऊन उभी होती.

"काढू या," समता म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. उगाच मूळ विषय बाजूला पडेल."

स्क्रू तिनंच काढले. अर्पितानं दुसऱ्या बाजूनं फलक धरला होता. फलक हॉलमागच्या कोठीत, तुटक्या खुर्च्यांच्या मागं, भिंतीकडं तोंड करून उभा केला. मग चौथा सरकवून तिसऱ्याच्या जागी आणला, आणि असं करत पुढचे अकराच्या अकरा. आकडे मात्र छापील होते. समता बाजारात गेली, रेडियमच्या दुकानातून पांढरे आकडे कापून आणले आणि जुन्या आकड्यांवर चिकटवत बसली. चारावर तीन. पाचावर चार. संध्याकाळपर्यंत काम झालं. जवळून पाहिलं तरच कळत होतं.

*

सहा ऑक्टोबर, साहांची जयंती. हॉलबाहेर मांडव होता. व्यासपीठावरच्या बॅनरवर उकंडरावांचा फोटो साहांच्या फोटोपेक्षा दुप्पट होता. सोयाबीन काढणीचे दिवस, त्यामुळं गावातली माणसं कमी, शाळांतली मुलंच जास्त आणली होती. उकंडराव दीड तास उशिरा आले. सत्तरीचे, धिप्पाड, गोड बोलणारे. त्यांनी भाषण कागद न बघता केलं.

"साहासाहेब गरीब घरचे. पण त्यांना कोणी अडवलं का? नाही अडवलं. कारण बुद्धी. बुद्धीला जात नसते, पोरांनो. बुद्धीला कोणी विचारत नाही तू कोणाचा. आज काही लोक उठसूट सांगतात, आमच्यावर अन्याय झाला. साहासाहेबांनी असं कधी म्हटलं का? ते अभ्यास करत राहिले!"

टाळ्या झाल्या. समता पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या, मागच्यांनी वाजवल्या. तिनंही वाजवल्या. मागच्या भिंतीशी उभी असलेली अर्पिता आपल्याकडं बघते आहे असं तिला वाटलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरचे एक प्राध्यापक बोलून गेले. तिसऱ्या दिवशी समताचं व्याख्यान होतं, दुपारी तीनला. विषय, 'ताऱ्यांच्या पोटात काय आहे?'

जनकाबाई दुपारी एक वाजताच आल्या. शेजारच्या तानाबाई सोबत होत्या. दोघी जीपनं आल्या होत्या, पांढरी इस्त्रीची लुगडी नेसून. जनकाबाईंच्या हातात दोन दिवसांच्या कपड्यांची पिशवी होती. त्या लेकीकडं मुक्काम करणार होत्या. समतानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "माय, फलक नंतर पाहजा. गर्दी हाय आता." गर्दी नव्हती. तिनं त्यांना मांडवात चौथ्या रांगेत नेऊन बसवलं आणि व्याख्यान संपलं की ह्यांना परस्पर घरी कसं न्यायचं ह्याचा विचार करत राहिली.

व्याख्यान चांगलं झालं. हे कुणीही सांगितलं असतं. शंभरेक माणसं होती. सुरुवातीला ती कागदावरून बोलत होती, मग विषयानं तिला उचलून नेलं. ताऱ्याचा उजेड लोलकातून नेला की रंगांचा पट्टा होतो, आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. एकेक मूलद्रव्य आपापल्या रेघांनी ओळखू येतं. सूर्याच्या उजेडात रुबिडियमची रेघ मिळत नव्हती. लोक म्हणायचे, सूर्यावर ते नसेल. साहा म्हणाले, आहे. उष्णतेनं त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन निसटला आहे, म्हणून त्याची रेघ दिसत नाही. सूर्यावर जे डाग आहेत ते जरा थंड आहेत, तिथं शोधा. शोधलं, आणि सापडली. सत्तावीस वर्षांच्या माणसानं खोलीत बसून, कागदावर, दुर्बीण हातात न धरता हे सांगितलं होतं.

मुलं शांत बसून ऐकत होती. चौथ्या रांगेत जनकाबाई पुढं झुकून बसल्या होत्या. एकदाही पेंगल्या नाहीत.

साहांचं चरित्र समतानं पाच मिनिटांत उरकलं. खेडं, दुकान, शिष्यवृत्ती, कलकत्ता, समीकरण, संसद. मधल्या त्या जागेवर ती आली तेव्हा म्हणाली, "दूरच्या गावात एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला." आणि पुढं गेली.

शेखर सरांनी आभार मानण्याआधी माइक हातात घेतला. "कुणाला काही प्रश्न?"

नेहमीसारखंच कुणी हात वर केला नाही. सर माइक खाली ठेवणार एवढ्यात चौथ्या रांगेतून जनकाबाईंचा हात वर आला. पूर्ण वर नाही, खांद्यापर्यंत.

"हां, बोला आजी," सर कौतुकानं म्हणाले. मांडवात थोडं हसू पसरलं. स्वयंसेवकानं दुसरा माइक नेऊन दिला. जनकाबाई उभ्या राहिल्या. माइक त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"मॅडम," त्या म्हणाल्या. लेकीला त्या मॅडम म्हणाल्या. चार माणसांत तसंच म्हणायचं असतं, हे त्यांनी ठरवून आणलं असावं. "बेस सांगतलं तुमी. पन ते ताटाचं नाही सांगतलं. त्या पोराले ताट अलग ठेवलं व्हतं ना, त्याचं त्याले धुवा लागे. ते सांगा न ह्या लेकरायले."

 शेखर सर हातातल्या माइककडं पाहत होते. उकंडराव त्या दिवशी नव्हते, पण त्यांचा सचिव पहिल्या रांगेत बसला होता आणि मान वळवून कोण बोलतंय ते बघत होता. समताला तो दिसला. आई दिसली. आईचा चेहरा विश्वासानं भरलेला होता. लेकीकडून एखादी गोष्ट चुकून राहून गेली आहे आणि आपण तिला ती वेळेवर आठवून दिली, असा.

"त्या गोष्टीला," समता म्हणाली, "तसा पक्का पुरावा नाहीये. मोठ्या माणसांबद्दल अशा ऐकीव गोष्टी बऱ्याच असतात."

"ऐकीव?" जनकाबाई माइकमधूनच म्हणाल्या.

"हो. विज्ञानात आपण पुरावा असेल तेच मानतो."

 "बरं," जनकाबाई म्हणाल्या आणि माइक स्वयंसेवकाला परत दिला. बसताना त्यांनी खुर्ची चाचपून पाहिली, अंधारात पाहतात तशी.

"आजींनी फार छान प्रश्न विचारला," शेखर सर म्हणाले, आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या.

*

समता खाली उतरली, लोकांचं अभिनंदन घेत चौथ्या रांगेपर्यंत पोचली, तेव्हा आई आणि तानाबाई उठून मांडवाच्या बाहेर आल्या होत्या. कपड्यांची पिशवी जनकाबाईंच्या खांद्याला होती.

"माय, घरी चालतं ना?"

"नाही. तानाबाईच्या वावरात उद्या सोयाबीन काढाची हाय. मानसं नाही भेटून राह्यले. जातो मी."

"दोन दिवस राह्याचं म्हनली व्हती तू."

"हाव, पन काम हाय." त्यांनी समताच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला. "चांगलं बोलली तू. आवाज चांगला लागला."

तानाबाई खाली बघत होत्या. जीप भरत आली होती. दोघी मागं बसल्या. समतानं हात केला तेव्हा जनकाबाईंनीही केला.

संध्याकाळी प्रदर्शन आवरताना अर्पिता कोठीतून फलक घेऊन आली आणि बाकीच्यांबरोबर गाडीत चढवला. आकड्यांवरचे स्टिकर तिनं एकेक करून नखानं काढले. समता मदतीला गेली तर म्हणाली, "राहू द्या, मी करते."

"जळगाव जामोदला माझं व्याख्यान तेवीसला आहे ना?"

"मॅडम, तिथले एक शिक्षक आहेत. ते बोलतो म्हणाले. तुम्हाला उगाच एवढ्या लांब प्रवास." अर्पितानं गाडीचं दार लावलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर समताला काही उत्तर देता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. दरवर्षी मायलेकी मिळून नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. समता लहान होती तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. त्या वर्षी तिनं फोन केला तेव्हा जनकाबाई म्हणाल्या, "आमी बाया गाडी करून निंगून राह्यलो. तुले कालेज असन म्हनून नाही इचारलं." समताला सुट्टी होती. ती म्हणाली, "हाव, काम हाय मले." घरात बाबासाहेबांच्या फोटोसमोर तिनं मेणबत्ती लावली. हात जोडायला गेली आणि तिला जोडता येईनात. 

ह्या काळात तिनं मुलाखतीची तयारी केली. ते तिला येत होतं. प्रमाणपत्रांच्या प्रती काढल्या, शोधनिबंधांची यादी केली. एक विचित्र हट्ट तिच्या मनात बसला होता: आता ही जागा मिळालीच पाहिजे. नाही मिळाली तर ते सगळं कशासाठी झालं? मिळाली, की आईला गावाहून घेऊन येऊ, नीट सांगू, आई समजून घेईल. मिळाली की दुसऱ्या वर्षी आपणच एक प्रदर्शन भरवू आणि सगळे फलक लावू. रात्री झोप लागेपर्यंत ती ही वाक्यं मनात मांडायची. सकाळी ती तिलाच खोटी वाटायची.

मुलाखत नोव्हेंबरच्या अठ्ठावीसला होती. सव्वीसला दुपारी सूचना फलकावर एक कागद लागला. संस्थेने प्रशासकीय कारणास्तव सदर पदाची जाहिरात रद्द केली आहे. एवढंच. समता तास संपवून येत होती. तिनं तो कागद दोनदा वाचला.

शेखर सरांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा ते म्हणाले, "मलाही आजच कळलं. कार्यभार कमी झालाय म्हणतात. विज्ञानाला मुलं कुठं येतात आता? ती जागाच भरायची नाही असं ठरलंय." मग जरा थांबून, "तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही मॅडम. तुमच्याबद्दल अध्यक्षसाहेबांचं मत चांगलंच आहे."

"कधी ठरलं हे, सर?"

"बैठक सप्टेंबरमध्येच झाली होती म्हणे. पत्र आत्ता निघालं."

म्हणजे तिनं फलकाचे स्क्रू काढले तेव्हा ती जागा अस्तित्वातच नव्हती. समता केबिनमधून बाहेर आली. पुढचा तास तिचाच होता. तिनं तो घेतला. काय शिकवलं ते तिला नंतर आठवलं नाही.

*

रविवारी ती गावी गेली. मधल्या सात आठवड्यांत ती चार वेळा गेली होती, पण त्या दिवसाचं दोघींनी एकदाही काढलं नव्हतं. आई जेवायला वाढायची, शेजारपाजारचं सांगायची. हसायचीसुद्धा. साहांचं नाव मात्र तिनं पुन्हा घेतलं नाही, आणि कॉलेजात काय चाललंय हे विचारणंही सोडलं होतं.

जेवणं झाल्यावर समता म्हणाली, "माय, ती जागा रद्द झाली. नाही भरून राह्यले ते."

जनकाबाई ताटं गोळा करत होत्या. त्या खाली बसल्या. "कोनतीच नाही?"

"नाही."

 बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं आणि तो चालू होत नव्हता.

"माय, त्या दिवशी मी खोटं बोलली," समता म्हणाली. हे वाक्य तिनं इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की ते तोंडातून सपाट बाहेर पडलं. "पुरावा व्हता. पुस्तकात हाय. मले माहीत व्हतं. फलक बी मीच काढला, माह्या हातानं. अन् तू उभी राह्यली तं मी तुले..." 

"मले माहीत हाय," जनकाबाई म्हणाल्या. "म्या कुठी पुरावा मांगतला तुले?" त्यांच्या आवाजात दोष नव्हता. त्या जमिनीकडं बघत होत्या. "मीच चुकली. मी हात वर कराले नोको व्हता."

"नाही माय."

"हाव. तुह्या सायबायसमोर, चार मानसात. मले वाटलं, पोरगी इसरली. मले समजाले पाहिजे व्हतं की नोकरीचा इशय हाय. तानाबाई म्हने, बस खाली, मी नाही आयकलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, नुसता पदर मुठीत धरला. "अकरा साल घासली तू तिथी. अन् माह्या एका बोलन्यानं गेली."

समताला आधी कळलंच नाही आई काय म्हणते आहे. मग कळलं. सात आठवडे आई रागावलेली नव्हती. सात आठवडे आई घाबरलेली होती.

"माय, तसं नाही. अगोदरच ठरलं व्हतं. सप्टेंबरमधीच. तू येन्याच्या आधी. मी तुले कागद दाखवतो."

"हाव."

"खरंच सांगून राह्यली मी. तुह्यामुळं नाही गेली ती. कोनाच्याच मुळं नाही. जागाच नोयती."

"हाव, हाव," जनकाबाई म्हणाल्या, आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, समता शाळेत नापास होऊन आल्यासारखी. "आता मी नाही येत तुह्या कालेजात. तू काळजी नोको करू. पुढच्या साली निंगन एखांदी जागा."

समतानं पुन्हा सांगितलं. सगळं पहिल्यापासून सांगितलं, प्राचार्यांचं बोलणं, अर्पिताच्या हातातला फोन, काढू या म्हणाली ते, बैठकीची तारीख. जनकाबाई प्रत्येक वाक्याला हाव म्हणत राहिल्या. त्यांचा विश्वास बसत नव्हता हे समताला त्यांच्या हाताच्या स्पर्शावरून कळत होतं. पुराव्याशिवाय मानू नका, असं शंभर माणसांसमोर सांगणारी ही पोरगी आता आईला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगते आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

चारच्या गाडीची वेळ झाली. जनकाबाई उठल्या आणि खरकटी ताटं घेऊन मोरीत गेल्या.